रेडिओ लिहायचा कसा?

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन)

शीर्षकात छपाईची चूक नाही. रेडिओ विकत आणायचा असतो, दुरुस्त करायचा असतो, आजोबांच्या कपाटावर धूळ खात ठेवायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आजकाल रेडिओ लिहितासुद्धा येतो. वहीत नव्हे, कॉम्प्युटरवर, सी++ नाहीतर पायथॉनमध्ये. आमच्या लेडीज हॉस्टेलमधल्या आम्ही चौघीजणी गेलं वर्षभर हाच उद्योग करतोय. त्यात जे शिकलो ते सिलॅबसमध्ये थोडं आहे आणि बाहेर पुष्कळ आहे, म्हणून हा लेख.

एक आधीच सांगते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. ‘फ्रिक्वेन्सी’ला शाळेच्या मराठी पुस्तकात ‘वारंवारता’ आणि विश्वकोशात ‘कंप्रता’ म्हणतात, हे मला या लेखाच्या निमित्तानं कळलं. दोन्ही शब्द छान आहेत, पण लॅबमध्ये आपण जे बोलतो तेच मी इथे लिहिणार आहे. मराठीच्या मॅडमनी समजून घ्यावं!

पेटीतला रेडिओ आणि प्रोग्राममधला रेडिओ

सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम आपण सगळ्यांनीच पाठ केलेला आहे. अँटेना, आरएफ अँप्लिफायर, मिक्सर, आयएफ, डिटेक्टर, ऑडिओ. प्रत्येक चौकोन म्हणजे एक खरं सर्किट. एएमचा डिटेक्टर वेगळा, एफएमचा वेगळा. एएमचं सर्किट सोल्डर केलं की ते जन्मभर एएमच.

सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर, यात एवढंच करतात की सिग्नल शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलून टाकायचा. अँटेना, ट्यूनर आणि अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर एवढंच हार्डवेअर. पुढचं सगळं, म्हणजे फिल्टर, डिटेक्टर, व्हॉल्यूमसुद्धा, प्रोग्राममध्ये. सकाळी तो एफएम रेडिओ, दुपारी विमानांचे संदेश वाचणारं यंत्र, रात्री उपग्रहाचा रिसीव्हर. वस्तू तीच, फक्त प्रोग्राम बदलला.

सोलापूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या चादरीच्या मागावर जकार्ड बसवलेलं असतं. माग तोच, सूत तेच, पण पंचकार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी वेल येते. साधा माग एकच नक्षी विणतो, जकार्डचा माग जी कार्डं द्याल ती विणतो. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसानं हे यंत्र १८०४ च्या सुमारास तयार केलं, आणि पंचकार्डाची तीच कल्पना पुढे कॉम्प्युटरमध्ये आली. एसडीआर म्हणजे रेडिओला लावलेलं जकार्डच म्हणा ना!

‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मिटोला या अमेरिकन इंजिनिअरमुळे रूढ झाला. तेव्हा हे काम मुख्यतः लष्कराच्या प्रयोगशाळांत चालायचं. २००१ मध्ये एरिक ब्लॉसम यांनी जीएनयू रेडिओ हा मुक्त प्रकल्प सुरू केला. पण हौशी माणसाचं नशीब खरं उघडलं ते २०१२ मध्ये. कॉम्प्युटरला लावून टीव्ही बघायच्या स्वस्त यूएसबी डोंगलमध्ये रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप असे. फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या लक्षात आलं की एफएम ऐकताना ही चिप स्वतः काहीच डिटेक्ट करत नाही, कच्चे सॅम्पल जसेच्या तसे कॉम्प्युटरकडे पाठवते! मग ऑस्मोकॉम गटातल्या मंडळींनी त्यासाठी मुक्त लायब्ररी लिहिली आणि टीव्हीचं डोंगल जगातला सर्वांत स्वस्त एसडीआर बनलं. आर८२०टी ट्यूनर असलेलं डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू शकतं. लॅबमधला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लाखांत जातो, हे काही हजारांत येतं. अर्थात दोघांची बरोबरी नाही. डोंगलचा कन्व्हर्टर फक्त ८ बिटचा आहे. पण शिकायला भरपूर झालं.

आय आणि क्यू: गड्ड्यावरचा पाळणा

डोंगलमधून जे आकडे येतात ते जोडीनं येतात. पहिल्याला आय म्हणतात, दुसऱ्याला क्यू. प्रत्येकी एक बाइट. ‘एका सॅम्पलला दोन आकडे कशाला?’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक ज्युनिअरनं विचारलाय.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर आकाशपाळणा लागतो. तुम्ही पाळण्याच्या अगदी कडेला, त्याच्या रेषेत उभे राहिलात तर तुम्हाला एक डबा फक्त वर जाताना आणि खाली येताना दिसेल. पाळणा किती जोरात फिरतोय ते कळेल, पण कुठल्या बाजूला फिरतोय ते सांगता येणार नाही. आता डबा किती वर आहे हे तुम्ही बघा आणि किती डावी-उजवीकडे आहे हे मैत्रिणीला दुसऱ्या जागेवरून बघू द्या. दोघींचे आकडे एकत्र केले की दिशा लगेच कळते. आय आणि क्यू म्हणजे या दोन नजरा. ट्यूनर समजा १०० मेगाहर्ट्झवर लावलाय, तर एखादं स्टेशन १००.३ वर आहे की ९९.७ वर, हे एका आकड्यावरून कळत नाही, दोन आकड्यांवरून कळतं. गणिताच्या सरांच्या भाषेत हा कॉम्प्लेक्स नंबर. सेकंड इयरला जो ‘जे’ आपल्याला छळायचा, तो इथे कामाला येतो.

डोंगल सेकंदाला २४ लाख जोड्या विश्वासानं देऊ शकतं. म्हणजे ४८ लाख बाइट. एका मिनिटाचं रेकॉर्डिंग २८८ एमबी आणि तासाभराचं १७ जीबीपेक्षा जास्त! म्हणून प्रोग्रामला हे आकडे साठवून निवांत बघायला सवड नसते. पोस्टमनसारखं आलेलं टपाल त्याच दिवशी वाटून टाकावं लागतं.

एफएम ऐकायचं गणित

एफएममध्ये आवाज कुठे असतो? फ्रिक्वेन्सीच्या बदलात. आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे पाळण्याचा वेग. म्हणून कृती अशी:

१) फिल्टर करून २४ लाखांचे २ लाख ४० हजार सॅम्पल करायचे. म्हणजे दहातला एक ठेवायचा. पण आधी फिल्टर, मग कापणी. फिल्टर न लावता दहातला एक उचलला तर शेजारची स्टेशनं आपल्या स्टेशनवर येऊन बसतात. यालाच एलियासिंग म्हणतात.

२) आत्ताचं सॅम्पल आणि आधीचं सॅम्पल यांच्यातला कोन काढायचा. आत्ताच्याला आधीच्याच्या कॉन्ज्युगेटनं गुणलं की गुणाकाराचा कोन म्हणजेच फरक. हा कोन हाच आवाज! सेकंड हाफमधला एफएम डिस्क्रिमिनेटरचा अख्खा चॅप्टर इथे दोन ओळींत संपतो.

३) पुन्हा फिल्टर, आणि २ लाख ४० हजारांचे ४८ हजार करायचे. साउंड कार्डला हाच वेग आवडतो.

४) डी-एम्फसिस. स्टेशन पाठवताना वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतं, ते आपण उतरवायचे. भारतात त्याचा टाइम कॉन्स्टंट ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. अमेरिकन प्रोग्राम जसाच्या तसा आणला की आपली स्टेशनं थोडी दबक्या आवाजात वाजतात, त्याचं कारण बरेचदा हे असतं.

पहिल्या पायरीत एक गंमत आहे. फिल्टरला ६४ टॅप असतील आणि आपण सगळ्या २४ लाख ठिकाणी उत्तर काढलं, तर आय आणि क्यू मिळून सेकंदाला ३० कोटींच्या वर गुणाकार होतात. पण दहातली नऊ उत्तरं आपण फेकूनच देणार आहोत! मग काढायचीच कशाला? जी ठेवायची तेवढीच काढली की काम ३ कोटींवर येतं. हॉस्टेलमधले जुने लॅपटॉप पंखा न ओरडता रेडिओ वाजवतात ते यामुळे. डीएसपीच्या पुस्तकात ‘पॉलिफेज’ हा शब्द भीतीदायक वाटतो. त्याच्या मुळाशी ही साधी काटकसर आहे.

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’

इथपर्यंतचा भाग शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. खरी मजा पुढे आहे. आमच्याकडे चौघींत दोन विंडोज लॅपटॉप, लॅबमध्ये लिनक्सची मशीन आणि गच्चीवर अँटेनाजवळ ठेवायला एक रास्पबेरी पाय. प्रोग्राम एकच हवा होता, तिन्हीकडे चालणारा. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हे वाक्य सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये जितक्यांदा ऐकू येतं, तितकं मेसच्या भाजीबद्दलही कुणी बोलत नाही. तेव्हा ते का म्हणावं लागतं, याची कारणं नीट बघू.

पहिला नियम: प्रोग्रामचे थर पाडा. आत गणिताचा गाभा. त्यात फिल्टर, एफएफटी, डिटेक्टर. या गाभ्याला विंडोज किंवा लिनक्स म्हणजे काय हे माहीतच नसलं पाहिजे. आकडे आत जातात, आकडे बाहेर येतात. बाहेर तीन दारं. एक डोंगलशी बोलणारं, एक साउंड कार्डशी, एक स्क्रीनशी. मशीन बदललं की फक्त दारं बदलतात. दारंसुद्धा आपण घडवायची गरज नाही. डोंगलसाठी लिबयूएसबीवर बसलेली आरटीएल-एसडीआर लायब्ररी, आवाजासाठी पोर्टऑडिओ, खिडक्यांसाठी क्यूटी, आणि सगळं बांधून काढायला सीमेक. ही सगळी मुक्त आहेत आणि तिन्हीकडे चालतात. पुढे वेगळ्या कंपनीचा रेडिओ लावायचा असेल तर सोपीएसडीआर नावाचा मधला थर आहे.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. लिनक्सला हे डोंगल टीव्हीचंच वाटतं, म्हणून त्याचा टीव्हीचा ड्रायव्हर आधीच डोंगल ताब्यात घेतो. त्याला बाजूला सारावं लागतं, आणि साध्या युजरला डोंगल वापरायची परवानगी द्यावी लागते. विंडोजमध्ये उलट, झाडिग या छोट्या प्रोग्रामनं विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. प्रोग्राममध्ये काडीचीही चूक नसताना ‘डिव्हाइस सापडलं नाही’ असं येतं ते इथे. ही माहिती सूचनांच्या पहिल्या पानावर हवी, सातव्या नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या लांबीची. ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटचा असतो आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा! सॅम्पल मोजायला लाँग वापरला तर सेकंदाला २४ लाखांच्या वेगानं विंडोजवर तो पंधरा मिनिटांत भरून वाहतो आणि मोजणी ऋण होते. लिनक्सवर मात्र काहीच होत नाही. म्हणून किती बिटचा आकडा हे नेहमी स्पष्ट लिहायचं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते. आय-क्यूचं रेकॉर्डिंग फाइलमध्ये ठेवलं आणि विंडोजवर फाइल ‘बायनरी’ असं न सांगता उघडली, तर विंडोज ती मजकुराची फाइल समजतं. मजकुराच्या जुन्या पद्धतीत २६ हा बाइट म्हणजे ‘फाइल संपली’. आता गंमत बघा. डोंगलचे आकडे ० ते २५५ असतात आणि शांतता म्हणजे मधला १२७ च्या आसपासचा आकडा. स्टेशन कमजोर असेल तर आकडे मध्याजवळच घुटमळतात, २६ पर्यंत कधी पोचतच नाहीत आणि रेकॉर्डिंग नीट वाजतं. जोरदार स्टेशन असेल तर २६ लगेच येतो आणि वाचन तिथेच थांबतं! वरून असं दिसतं की कमजोर स्टेशन चालतंय आणि जोरदार स्टेशन बिघडलंय. माणूस अँटेनाच्या मागे लागतो. लिहितानाही तसंच. १० हा बाइट आला की विंडोज त्याच्या आधी १३ घालतं. एक बाइट जास्त झाला की पुढच्या सगळ्या जोड्या एका घरानं सरकतात, आयच्या जागी क्यू येतो आणि स्पेक्ट्रम आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. उपाय एका शब्दाचा आहे, पण रोग ओळखायला आय-क्यू समजलेलं असावं लागतं.

पाचवी गोष्ट खास आपल्यासाठी. फोल्डरला ‘प्रकल्प’ असं देवनागरीत नाव दिलं तर विंडोजवर फाइल उघडायची साधी पद्धत अडखळते, कारण ती जुन्या कोडपेजमध्ये नाव शोधते. लिनक्सवर तेच नाव चालतं. परदेशात लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे कुणाच्या फोल्डरचं नाव ‘प्रकल्प’ नसतं. आपण लिहिलं तर आपल्या लक्षात येईल. आपण प्रोग्राम का लिहावेत, याचं हे एक छोटंसं कारण!

सहावी गोष्ट दोन घड्याळांची. डोंगलमध्ये एक क्रिस्टल आहे, साउंड कार्डात दुसरा. दोघंही आपापल्या मते सेकंद बरोबर मोजतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० एवढाच फरक आहे असं धरा. मग ४८ हजारांमागे सेकंदाला २.४ सॅम्पलची तूट येते. बफरमध्ये एक दशांश सेकंदाचा आवाज, म्हणजे ४८०० सॅम्पल, शिल्लक ठेवले असतील तर २००० सेकंदांत, म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं पुढे, बफर रिकामा होतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. व्हायवाला दहा मिनिटांच्या डेमोत हे कधीच दिसत नाही. रात्रभर रेडिओ लावणाऱ्याला दिसतं. बफर किती भरलाय यावर नजर ठेवून आवाजाचा वेग केसभर कमी-जास्त करायचा, हा त्याचा उपाय. आणि हो, वेळ साधायला ‘स्लीप’ वापरू नये. विंडोजवर एक मिलिसेकंद झोपायला सांगितलं तर तो सुमारे १५ मिलिसेकंद झोपू शकतो, आपल्या आठच्या लेक्चरसारखं! साउंड कार्ड मागेल तेव्हा द्यायचं, हा उत्तम ताल.

मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे

ज्या लायब्ररींवर आमचा रेडिओ उभा आहे त्यातल्या काही जीपीएल या परवान्याखाली आहेत. आरटीएल-एसडीआर लायब्ररी, जीएनयू रेडिओ, एफएफटी करणारी एफएफटीडब्ल्यू, या सगळ्या तशाच. जीपीएलचं सार सांगायचं तर: वापरा, बदला, वाटा, पण वाटाल तेव्हा सोर्स कोडही द्या आणि घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. म्हणजे अशी लायब्ररी जोडून केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला तर आपलंही पोट उघडं करून दाखवावं लागतं. पोर्टऑडिओचा परवाना यापेक्षा सैल आहे. तेव्हा प्रकल्प सुरू करतानाच कुठली लायब्ररी कुठल्या परवान्याची, हे एका कागदावर लिहून ठेवावं.

मुक्त असण्याचा फायदा मला पुस्तकात नाही, कामात कळला. डंप१०९० हा विमानांचे संदेश वाचणारा छोटा प्रोग्राम साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरनं लिहिला. रेडिस या प्रसिद्ध डेटाबेसचा कर्ताही तोच. प्रोग्राम सी मध्ये आहे आणि उघडा आहे. आम्ही तो ओळीओळीनं वाचला. विमानाचा एक लांब संदेश ११२ बिटचा, सेकंदाला दहा लाख बिट या वेगानं येणारा, आणि त्याआधी ८ मायक्रोसेकंदांची खूण. म्हणजे सगळा मिळून १२० मायक्रोसेकंदांचा खेळ. ती खूण गोंगाटातून कशी ओळखायची, हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवलं नसतं इतकं नीट त्या कोडमध्ये दिसतं. चांगला कोड वाचणं म्हणजे चांगल्या गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसणं.

खोडदचा मोठा भाऊ

हे सगळं हौशी लोकांचे खेळ आहेत असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन यावं. तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. या सगळ्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहायचे, त्याला कोरिलेटर म्हणतात. पूर्वी हे काम खास बनवलेल्या हार्डवेअरमध्ये होत असे.

मग एनसीआरए या पुण्याच्या संस्थेतले जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या देशीविदेशी सहकाऱ्यांनी हे काम सॉफ्टवेअरमध्ये आणलं. २०१० मध्ये त्यावरचा त्यांचा पेपर प्रसिद्ध झाला. ३२ अँटेनांची सोय, दोन्ही पोलरायझेशन, ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि हे सगळं बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून: पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी कन्व्हर्टर कार्डं आणि लिनक्स चालवणाऱ्या ४८ कॉम्प्युटरांचा समूह. पुढे दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि कामात ग्राफिक्स कार्डं, म्हणजे जीपीयू आले.

आमचं डोंगल आणि खोडदची दुर्बीण यांची तुलना म्हणजे मुंगी आणि हत्ती. पण विचार तोच आहे: सिग्नल लवकर आकड्यांत आणा, मग नवी कल्पना सुचली की सोल्डरिंग गन नाही, एडिटर उघडा. मोबाईल टॉवर आणि विजेच्या तारांचा गोंगाट काढून टाकायची युक्ती सुचली तर ती सॉफ्टवेअरमध्ये घालून बघता येते. हत्तीच्या पायाशी उभं राहून मुंगीला बरंच दिसतं! दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला मोठं प्रदर्शन भरतं आणि शाळा-कॉलेजची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. आपल्या डिपार्टमेंटनं तिथे जायचं ठरवलं तर किती बरं होईल.

विद्यार्थ्यांनीच केलेली मोठी कामंही आपल्या राज्यात आहेत. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. दोन्ही प्रकल्पांत एकामागून एक बॅचनी वर्षानुवर्षं काम केलं. पहिल्या बॅचचं लिखाण नंतरच्या बॅचला वाचता आलं नसतं तर उपग्रह जमिनीवरच राहिला असता.

सुरुवात कुठून करायची?

डोंगल घेतलं की आधी तयार प्रोग्राम चालवून बघा. जीक्यूआरएक्स, क्युबिकएसडीआर, एसडीआर++ हे तिन्ही मुक्त आहेत. मग एक आय-क्यू रेकॉर्डिंग करा आणि वर दिलेल्या चार पायऱ्या पायथॉनमध्ये स्वतः लिहा. आवाज आला की त्या दिवशी मेसमध्ये कुणी काहीही वाढलं तरी गोड लागेल. नंतरच लाइव्ह रेडिओच्या मागे लागा.

अँटेनासाठी खर्च नको. एफएमसाठी पाऊण मीटर तार, विमानांच्या १०९० मेगाहर्ट्झसाठी जेमतेम सात सेंटिमीटर. गच्चीवरून आकाश मोकळं दिसलं पाहिजे एवढंच. अकरा किलोमीटर उंचीवरचं विमान सिद्धांताप्रमाणे सुमारे ४०० किलोमीटरवरून ‘दिसू’ शकतं. मुंबई-हैदराबाद वाटेवरची विमानं आपल्या डोक्यावरून जातात, त्यामुळे स्क्रीन रिकामी राहत नाही. अमेरिकेच्या जुन्या एनओएए हवामान उपग्रहांची चित्रं घेणं हा हौशी लोकांचा आवडता पहिला प्रयोग होता, पण त्यातले शेवटचे तीन उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. जुन्या पुस्तकात ते वाचून वाट बघत बसू नका. रशियाच्या मिटिओर-एम मालिकेतल्या उपग्रहांकडे वळा.

रूममध्ये गोंगाट फार आला तर आधी मोबाईलचे चार्जर आणि एलईडी ट्यूब बंद करून बघा. आणि एक कायद्याची गोष्ट: डोंगल फक्त ऐकतं. पाठवायचं असेल तर हॅमची परीक्षा आणि केंद्र सरकारचा परवाना हवा. दुसऱ्याचं खासगी किंवा पोलिसांचं बोलणं ऐकायच्या फंदात पडू नये. शिकायला आकाशात बाकीचं खूप आहे.

आता मुद्द्याचं

दरवर्षी मे महिन्यात फायनल इयरचे प्रोजेक्ट सबमिट होतात. सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, शेवटच्या पानाला चिकटवलेली सीडी. आताच्या लॅपटॉपला सीडीची खाचसुद्धा नसते. ज्या कॉम्प्युटरवर तो प्रोजेक्ट चालायचा तो फॉरमॅट होतो, ज्यांनी लिहिला ते नोकरीला पुण्या-बंगलोरला जातात. पुढची बॅच त्याच विषयावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते. असं कुठल्याही कॉलेजात होतं. चार मुलांचं एक वर्ष म्हणजे चार वर्षांचं काम, आणि ते कपाटात जातं. मला हे चादर विणून झाल्यावर पंचकार्डं जाळून टाकण्यासारखं वाटतं. चादर राहते, पण तशी दुसरी कुणाला विणता येत नाही.

सगळ्या मशीनवर चालणारा आणि मुक्त परवान्याचा प्रोग्राम ही म्हणूनच मला फॅशनची गोष्ट वाटत नाही. पुढच्या मुलीकडे कुठला लॅपटॉप असेल हे आपल्याला माहीत नाही. तिच्याकडे महागडं सॉफ्टवेअर घ्यायला पैसे असतील का, हेही नाही. तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं तर हे दोन गुण लागतातच.

म्हणून सर आणि मॅडम लोकांना एक नम्र सूचना. सबमिशनच्या आधी प्रत्येक सॉफ्टवेअर प्रोजेक्टची एक परीक्षा घ्यावी: सेकंड इयरच्या एका विद्यार्थ्याला नवा कॉम्प्युटर, सोर्स कोड आणि दोन पानी सूचना द्यायच्या. लेखकांनी वर्गाबाहेर थांबायचं. त्यानं प्रोग्राम बांधून चालवून दाखवला तर पास. आम्ही आमच्या रेडिओसाठी हे करून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या एका सेकंड इयरच्या मुलीनं लॅबच्या लिनक्स मशीनवर दुपारभरात तो बांधला, सूचनांमध्ये स्वतःच्या दोन ओळी घातल्या आणि संध्याकाळी विचारलं, “ताई, यात एएम का नाही?”

आता एएम ती लिहितेय.